पहिल्या नंबरचा चित्रपट एकदाच पाहिलेला असेल तर चालतो का?

शेवटची_रांग

मंडळी, एक अडचण आहे. गेली १४ वर्षं मी आवडत्या दहा चित्रपटांची यादी एका वहीच्या मागच्या पानावर ठेवतोय. दर डिसेंबरात खाडाखोड. नियम दोनच. पाहून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही (थिएटरातून बाहेर पडल्यापडल्या मला सगळेच अजरामर वाटतात, हा स्वभावदोष). आणि एक आत आला की एक बाहेर. अकरावी ओळ आखलेलीच नाही.

आजचा क्रम असा आहे: टोकियो स्टोरी, पथेर पांचाली, फँड्री, ट्वेल्व्ह अँग्री मेन, उंबरठा, इकिरू, बायसिकल थीव्ह्ज, सिंहासन, व्हर्टिगो, सिटिझन केन.

घोडं अडलंय ते पहिल्या नंबरावर. टोकियो स्टोरी मी आयुष्यात एकदाच पाहिलाय. म्हातारे आईवडील मुलांकडे शहरात येतात, मुलांना वेळ नाही, युद्धात गेलेल्या मुलाची बायको तेवढी रजा काढून त्यांना शहर दाखवते. मग आई जाते. आणि अंत्यविधी उरकल्यावर सगळे जेवायला बसलेत तेव्हा मोठी मुलगी आईचे कपडे मागते, अमुक एक मला हवा म्हणून. दिग्दर्शक ओझू तिला खलनायिका करत नाही. कॅमेरा आपला नेहमीसारखा जमिनीलगत बसून बघतोय. मला मात्र तिथे बसवेना. माझे वडील गेले त्या आठवड्यात, त्यांच्या कॅमेऱ्याचं काय करायचं हे सगळ्यात आधी मी विचारलं होतं.

त्यानंतर त्याची डीव्हीडी घेतली. वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

उलट ‘अशी ही बनवाबनवी’ मी किमान तीस वेळा पाहिली असेल. मध्येच कुठूनही लागली तरी बसतो. ती यादीत कधीच नव्हती. आता मलाच कळेना की ही यादी कशाची आहे. तुम्ही क्रम कशावर लावता? किती वेळा पाहिला यावर, की एकदाच पण किती लागला यावर?

---

मध्यंतर

मी दोन-दोनच्या कुस्त्या लावतो. दहा नावं एकदम समोर ठेवली की डोकं चालत नाही, दोन ठेवली की चालतं. आज रात्री यातला एकच बघायचा तर कुठला? जिंकेल तो वर. पण यात गंमत होते. पथेर पांचालीने चारुलताला हरवलं, चारुलताने सेव्हन समुराईला, आणि सेव्हन समुराईने पथेर पांचालीला! म्हणजे क्रम लागतच नाही, नुसतं रिंगण होतं. शेवटी एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट, असा नियम केला. मग सत्यजित रेंच्या दोघांतला चारुलता ठेवला. रे स्वतःही त्यालाच आपला सगळ्यात निर्दोष चित्रपट मानायचे, तेव्हा मला फार अपराधी वाटलं नाही. झोपाळ्यावर चारूच्या चेहऱ्याबरोबर कॅमेराही झुलतो तेवढ्या दोन मिनिटांसाठी मी बाकी सगळं सोडून देईन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ‘आज रात्री कुठला’ असं विचारलं तर टोकियो स्टोरी तुमच्याकडे कधीच जिंकणार नाही. दर वेळी बनवाबनवीच.

---

उपशीर्षक

क्रमाचा इतका विचार नका करू, जगातले मोठमोठे समीक्षकसुद्धा करत नाहीत. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. त्यात प्रत्येकाने दहा नावं द्यायची. पहिलं-दुसरं असं काही नाही, दहाही नावांना एकेक मत. २०२२ मध्ये १६०० हून जास्त जणांनी मतं दिली आणि शांताल आकरमानचा १९७५ चा ‘जान दिएलमान’ वर आला. म्हणजे तो या सगळ्यांचा सगळ्यात लाडका आहे असं नाही. सगळ्यात जास्त लोकांच्या दहांत तो होता, एवढंच. कुणाच्या मनात तो दहावाही असेल.

आणि हे कौल ओळीने वाचले तर आणखी मजा आहे. १९५२ मध्ये बायसिकल थीव्ह्ज पहिला, तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा. (तुमच्या तीन वर्षांच्या नियमात बसला, अभिनंदन.) १९४१ चा सिटिझन केन त्या वेळी पहिल्या दहातही नव्हता! मग १९६२ पासून २००२ पर्यंत प्रत्येक वेळी तोच पहिला. व्हर्टिगो १९५८ चा. त्याला पहिल्या दहात यायला १९८२ उजाडलं आणि पहिला यायला २०१२. रिळं तीच होती. बघणारे बदलले.

---

कोरडा_पाऊस

एकदाच पाहिलेला चित्रपट पहिला असू शकत नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही टोकियो स्टोरीला नंबर दिलेलाच नाही. त्या एका रात्रीला दिलाय.

ट्वेल्व्ह अँग्री मेनच घ्या, खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेल्या बारा ज्यूरींची गोष्ट. पहिल्यांदा पाहताना आपण फक्त मतं मोजतो, अकरा विरुद्ध एक, दहा विरुद्ध दोन. मला चौथ्या वेळी दिसलं की खोली आवळत चाललीय. दिग्दर्शक लुमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या रेषेत आणला, शेवटी खाली, म्हणजे छतसुद्धा दिसायला लागतं. लेन्सही लांब पल्ल्याच्या करत गेला, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. आणि अगदी शेवटी बाहेर पायऱ्यांवर एकदम रुंद लेन्स, तेव्हा आपणही श्वास सोडतो. ९६ मिनिटांचा चित्रपट, पहिलाच चित्रपट त्या माणसाचा! हे एका बैठकीत कळत नाही. निदान मला नाही कळलं.

डीव्हीडीचं प्लास्टिक काढा. बघा. मग लिहा.

---

आवलीची_बाजू

कोरडा_पाऊस, तुमचं पटतं, पण अर्धंच. मी १९३६ चा ‘संत तुकाराम’ लहानपणी पाहिला तेव्हा पागनीसांचा तुकाराम पाहिला. कॉलेजात असताना पाहिला तेव्हा दामले-फत्तेलालांची विमानाची कारागिरी पाहिली. लग्नानंतर पाहिला तो पूर्ण वेगळाच निघाला, कारण त्या वेळी मी गौरीबाईंची आवली बघत होते. नवरा देवाच्या मागे डोंगरावर, आणि ही जेवण घेऊन नवऱ्याच्या मागे. तोंडाने शिव्या चालूच. शेवटी न्यायला विमान येतं तेव्हाही ती घरचं टाकून जात नाही. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला त्याचा, पण तिथल्या लोकांना आवली किती कळली असेल कोण जाणे.

माझ्या यादीत हा एकच चित्रपट तीन वेगवेगळ्या नंबरांवर राहून गेलाय. तेव्हा परत बघितल्यावर खालीच जातो असं नाही. पण घाईने, कुणी डिवचलं म्हणून बघू नका. तयारी असेल तेव्हा बघा.

---

शेवटची_रांग

बघितला. काल रात्री. (डिवचल्यामुळेच.)

पहिला तास, खरं सांगतो, मी दोनदा घड्याळ पाहिलं. कपडे मागण्याच्या प्रसंगाची इतकी धास्ती घेऊन बसलो होतो की आधीचं काही आत जाईना. मग म्हातारा जुन्या मित्रांबरोबर पितो तो प्रसंग आला. मागच्या वेळचा हा मला अजिबात आठवत नव्हता. तिघं म्हातारे पीत बसलेत, मुलांकडून काय काय अपेक्षा होत्या ते बोलतायत आणि एकमेकांना थोपवतही आहेत. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. परवाच मी कुणाकडे तरी त्याच्याविषयी याच सुरात बोललो होतो.

आणि ज्याला भीत होतो तो प्रसंग? केवढासा निघाला! मुलगी मागते, कुणी फारसं काही बोलत नाही, जेवण चालू राहतं. माझ्या आठवणीत तो चांगला दहा मिनिटांचा झाला होता. ती या वेळी मला तितकी वाईटही वाटली नाही. थोड्या वेळापूर्वी हीच रडत होती, हे मागच्या वेळी माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

तेव्हा निकाल: टोकियो स्टोरी दुसऱ्या नंबरावर. पथेर पांचाली पहिला. कोरडा_पाऊस यांना अर्धा विजय, खाली उतरला खरा, पण आता तो चित्रपट म्हणून उतरलाय. बनवाबनवी आठव्या नंबरावर, पेनने लिहिलीय, पेन्सिलने नाही. मध्यंतर यांची कुस्ती लावून पाहिली, तिने सिंहासनला पाडलं. मलाही धक्का बसला.

---

मध्यंतर

एक आत आला की एक बाहेर म्हणालात. बाहेर कोण गेलं ते शिताफीने लपवलंत.

---

शेवटची_रांग

सिटिझन केन. १४ वर्षं दहाव्या ओळीवर होता. खोडताना आठवायचा प्रयत्न केला की शेवटचा कधी पाहिला, तर दर वेळी मध्येच झोप लागलेली आठवते.