मॉन्टे कार्लोचं कार्पेट एकाच कोपऱ्यात का वाढतंय?

काठावरची:

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या माशांच्या टँकमधल्या मॉन्टे कार्लोचा, म्हणजे तळावर गालिच्यासारखं (कार्पेट) पसरणाऱ्या बारीक पानांच्या झाडाचा. पोस्ट लांबणार आहे, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरात आधी प्रश्नच येतात, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

टँक 60 × 30 × 36 सेंमी. पाणी भरून 9 आठवडे झाले. तळाला अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची पोषक माती), पुढे 4 सेंमी आणि मागे चढवत 9 सेंमी. मधोमध, जरा उजवीकडे, एक मोठा दगड आणि त्याला टेकून दोन छोटे. कॅनिस्टर फिल्टर आहे, त्याचे दोन्ही पाइप उजव्या बाजूला. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरचा, सॉलेनॉइड (गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) टायमरवर. डिफ्युझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा) उजव्या मागच्या कोपऱ्यात. मासे म्हणाल तर 10 एम्बर टेट्रा आणि 5 अमानो कोळंब्या.

पुढच्या सगळ्या भागात मॉन्टे कार्लो लावली. डाव्या पुढच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा असा काही माजलाय की सॉइल दिसत नाही. संध्याकाळी पानापानावर बुडबुडे धरतात. बाकी ठिकाणी मात्र रडारड. पानं फिकट पिवळी, आकाराने निम्मी, खालच्या काड्या उघड्या पडलेल्या. दगडाच्या उजवीकडे तर लावलेल्यातलं निम्मंअधिक विरघळून गेलं, उरलेल्यावर केसांसारखं हिरवं शेवाळ.

मला वाटलं लाइट कमी पडतोय. म्हणून 6 तासांचे 8 केले, मग 10. कार्पेट होतं तिथेच, शेवाळ मात्र जोरात. एकच टँक, एकच माती, एकच खत, झाडंही एकाच खेपेची. मग त्या कोपऱ्यालाच काय सोनं लागलंय?

शेवाळ्या:

आधी उठा आणि लाइट 6 तासांवर आणा. पुढचं मग वाचा.

आणलात? आता प्रश्न. लाइट टँकच्या मधोमध आहे की डावीकडे सरकलेला? ड्रॉप चेकर (पाण्यात सीओटू किती विरघळलाय ते रंगाने सांगणारी कुपी: निळा कमी, हिरवा पुरेसा, पिवळा जास्त) कुठे लावलाय, त्यात काय भरलंय आणि रंग कोणता? फिल्टरचं पाणी कुठल्या दिशेला सुटतं? आणि डिफ्युझरचे बुडबुडे निघून कुठे जातात, हे जरा पाच मिनिटं टँकसमोर बसून बघा. अंदाजाने सांगू नका.

काठावरची:

लाइट बरोबर मधोमध, मोजून लावलाय. ड्रॉप चेकर उजव्या काचेवर, पाण्याच्या पृष्ठभागाखाली साधारण 5 सेंमी. त्यात 4 डीकेएचचं (कार्बोनेट कठीणपणाचं माप) तयार द्रावण आहे, टँकचं पाणी नाही (ती चूक पहिल्या आठवड्यात करून झाली). रंग छान हिरवा. फिल्टरचं पाणी उजवीकडून सुटतं, वरच्या थरातून सरळ डावीकडे जातं.

बुडबुडे खरंच बसून बघितले. सरळ वर जातात आणि फुटतात. थोडे ड्रॉप चेकरच्या अगदी शेजारून. एखादा त्याच्या तोंडातही शिरतो.

शेवाळ्या:

सापडलं की मग!

लाइट मधोमध आहे, म्हणजे तो कोपरा लाइटच्या दृष्टीने सर्वांत गरीब. तरी तिथेच झाड माजलंय. म्हणजे अडचण लाइटची नाही, हे त्या कोपऱ्यानेच तुम्हाला सांगितलंय. आता पाण्याचा रस्ता बघा. उजवीकडून निघालं, वरून डाव्या काचेवर आपटलं, काचेवरून खाली उतरलं आणि पहिल्यांदा तळाला टेकलं ते कुठे? तुमच्या त्या माजलेल्या कोपऱ्यात. तिथून परत उजवीकडे यायला निघालं की मधे दगड. दगडाच्या आड पाणी जवळजवळ उभं आहे.

हवेच्या मानाने पाण्यात सीओटू आपणहून पसरायचा वेग साधारण 10,000 पट कमी असतो. वर विरघळलेला गॅस कोणी ओढून नेल्याशिवाय तळाशी बसलेल्या झाडापर्यंत वेळेत पोचत नाही. उंच झाडं वरच्या वर जेवून घेतात, कार्पेट पंगतीत शेवटी बसतं. आणि तुमचा ड्रॉप चेकर जिथे वाढताहेत तिथेच उभा राहून सांगतोय की सगळे जेवले.

आज दोन गोष्टी करा. एक, ड्रॉप चेकर काढून दगडाच्या उजवीकडे, तळापासून दोन बोटं वर लावा. रंग लगेच बघू नका, तो तास-दोन तास मागे चालतो. लाइट लागून तीनेक तास झाले की बघा. दोन, माशांच्या फ्लेक खाण्याचा चिमूटभर चुरा पाण्यात भिजवून पिपेटमध्ये घ्या आणि तळाशी वेगवेगळ्या जागी थेंब थेंब सोडा. कण कुठे पळतात आणि कुठे बसून राहतात ते बघा. फिल्टर बंद करू नका म्हणजे झालं.

आणि एक गोष्ट करू नका. निळा रंग दिसला म्हणून गॅसचा काटा फिरवायचा नाही. हे मी केलेलं आहे. बुडबुडे दुप्पट केले आणि बाहेर पडलो, संध्याकाळी आलो तर माझे निऑन टेट्रा सगळे वर तोंड काढून. 7 गेले. कार्पेटला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता, कारण माझ्याकडेही भानगड प्रवाहाचीच होती.

ओली माती:

शेवाळ्यांचं निदान पटलं. पण माझी एक शंका. लावताना कुंडीतलं रॉक वूल (मुळांभोवतीचा कापसासारखा गोळा) पूर्ण काढलं होतं का? आणि पुंजके केवढे केले होते?

काठावरची:

खरं सांगू? डावीकडून सुरुवात केली तेव्हा उत्साह होता. बारीक पुंजके करून, वूल चिमट्याने वेचून काढलं. दीड तासाने पाठ धरली. उजवीकडे पोचेपर्यंत एका कुंडीचे चार तुकडे करून खुपसून मोकळी झाले.

ओली माती:

म्हणजे कोपऱ्याला सोनं लागलंय ते असं दोन्हीकडून. :)

जाडजूड तुकडा लावला की त्याच्या मधल्या काड्यांना ना लाइट मिळतो ना मातीचा स्पर्श. त्या सडतात आणि कडेच्या कशाबशा जगतात. शिवाय बाजारात येणारी बहुतेक झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर जुनी पानं टाकून त्यांना नवी काढावी लागतात. त्या काळात थोडं विरघळणं ठरलेलंच, पण त्यात सीओटू नाही आणि वर वुलाचा गोळा, म्हणजे झाडाने करायचं काय?

उजवीकडचं सगळं उपटा. जिवंत आहे तेवढं ठेवा, बाकी कोपऱ्यातून घ्या. तिथला वरचा थर कात्रीने अर्धा कापा, कापलेल्या काड्याच लावायला चालतात. चार-पाच काड्यांचा पुंजका, उंची अडीच-तीन सेंमी. बारीक टोकाच्या चिमट्यात मुळाकडून धरायचा, तिरका मातीत घालायचा, पानांचा शेंडा तेवढा वर ठेवायचा. चिमटा सोडून हलकेच थरथरवत तिरकाच बाहेर काढायचा. सरळ वर ओढलात की पुंजका चिमट्याबरोबर वर. दोन पुंजक्यांत दोन सेंमी अंतर. मॉन्टे कार्लो पेरापेराला मुळं सोडत आडवी पसरते, मधली जागा ती आपण होऊन भरते.

लावायच्या आधी पाणी काढून मातीच्या जेमतेम वर आणा. भरलेल्या टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून लावलं की एक लावताना शेजारचे दोन तरंगतात. मासे तेवढा वेळ उरलेल्या पाण्यात मावत नसतील तर टँकचंच पाणी भरून बादलीत ठेवा.

आणि तो माजलेला कोपरा कापायचाच आहे हे विसरू नका. मी पहिलं कार्पेट कौतुकाने चार महिने वाढू दिलं. पाच सेंमी जाड गादी झाली होती, येईल त्याला दाखवायचे. एके दिवशी सकाळी बघते तर अख्खा गालिचा सतरंजीसारखा उचलला जाऊन वर तरंगतोय, खालून बघावं तर नुसत्या तपकिरी कुजक्या काड्या. एम्बरांना छप्पर मिळालं, मला परत पहिल्यापासून लावणी.

संथ:

एक विरोधी मत नोंदवून ठेवतो. एवढा खटाटोप करायचाच नसेल तर झाड बदला. माझा टँक गॅसशिवाय आहे. पुढे मार्सिलिया हिरसुटा आणि तिच्या मधे मधे क्रिप्टोकोरिने पार्व्हा. लाइट मध्यम, मुळाशी खताच्या गोळ्या. मार्सिलियाला जमीन भरायला 8 महिने लागले. पार्व्हा तर महिन्याला एखादं पान काढते, तेही उपकार केल्यासारखं. पण विरघळणं नाही, उचकटणं नाही, कात्री वर्षातून दोनदा. एचसी क्युबा किंवा ग्लॉसो (हीही कार्पेटचीच झाडं) गॅसशिवाय लावून मग हळहळत बसलेले लोक खूप बघितलेत.

शेवाळ्या:

@संथ, तुमचं म्हणणं बरोबर, पण बाईंकडे सिलिंडर आहे, सॉलेनॉइड आहे, झाडही एका कोपऱ्यात माजलंय. इथे झाड बदलणं म्हणजे नळाला पाणी येत असताना विहीर खणणं.

नवा_डबा:

मधेच विचारतो. कार्पेटच्या बिया मिळतात, पेरल्या की दहा दिवसांत हिरवंगार, असा फोटो बघितला. हे सगळं करण्यापेक्षा त्या बऱ्या नाहीत का?

ओली माती:

नाहीत. मॉन्टे कार्लो, हेअरग्रास, क्युबा ही सगळी काड्यांपासून, तुकड्यांपासून किंवा टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) डबीतून वाढवतात. त्या पाकिटातून उगवतं ते दुसरंच काहीतरी असतं. कोवळं असताना फोटोपुरतं गोड दिसतं, पाण्याखाली काही आठवडे तग धरतं, मग कुजतं आणि पाणी नासवतं. काढताना मातीसकट निघतं ते वेगळंच.

काठावरची:

ड्रॉप चेकर हलवला. वर असताना हिरवा, दगडाच्या उजवीकडे तळाशी: निळा. नुसता निळसर नाही, शाईसारखा निळा. लाइट लागून साडेतीन तास झाले होते.

चुऱ्याचा प्रयोग तर मला फारच आवडला. डाव्या कोपऱ्यात सोडलेले कण घरंगळत मधल्या दगडापर्यंत गेले आणि तिथून वळून वर उचलले गेले. उजवीकडे सोडलेले जिथे पडले तिथेच बसले. कोळंबी येऊन ते आरामात खाऊन गेली, तरी एक कण हलला नव्हता.

काय करू? डिफ्युझर डावीकडे नेऊ?

शेवाळ्या:

न्या. डाव्या काचेवर, तळाशी, जिथे पाणी खाली उतरतं तिथे. बुडबुडे वर यायला बघतील, पाणी त्यांना खाली दाबेल, तेवढा वेळ जास्त मिळतो विरघळायला. फिल्टरचा आउटलेट जरा खाली आणि पुढच्या काचेकडे वळवा, म्हणजे पाणी पुढच्या काचेला धरून गोल फिरेल. पृष्ठभाग हलकासा थरथरला पाहिजे, खळखळायला नको. छोट्या दोन दगडांतला उजवीकडचा काढून टाकता आला तर बघा, पाण्याला वाट मिळेल. फिल्टरचा स्पंजही धुवा, 9 आठवड्यांत प्रवाह बराच मंदावलेला असणार. टँकच्याच पाण्यात धुवा, नळाखाली नको.

गॅस लाइटच्या 2 तास आधी सुरू, लाइट जायच्या तासभर आधी बंद. बुडबुड्यांची संख्या आहे तीच ठेवा. चेकर तळाशीच राहू दे. त्या 4 डीकेएचच्या द्रावणात हिरवा म्हणजे सीओटू साधारण 30 पीपीएम (दहा लाखांत 30 भाग), पिवळा झाला तर जास्त. पण रंगापेक्षा मासे आधी सांगतात. वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले की गॅस बंद आणि पाण्याला खळखळाट. केसाळ शेवाळ दात घासायच्या जुन्या ब्रशला गुंडाळून काढा, पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदला.

काठावरची:

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

छोटा दगड काढला. (मला आवडायचा तो. सध्या खिडकीत आहे.) डिफ्युझर डावीकडे, आउटलेट वळवला. तिसऱ्या दिवशी तळाशी चेकर निळ्याचा हिरवट झाला, पाचव्या दिवशी हिरवा. गॅसला हात लावलेला नाही.

लावणी दोन बैठकांत केली, पाठ सांभाळून. 60च्या वर पुंजके झाले. पहिल्या रात्री 11 वर तरंगत होते, बहुतेक कोळंब्यांची कामगिरी. परत लावले, जरा खोल. पहिला आठवडा काहीच घडलं नाही आणि मी इथे येऊन रडगाणं लिहिणार होते. मग काचेला नाक लावून बघितलं तर एका पुंजक्यातून आडवी काडी निघाली होती, जेमतेम सेंटिमीटरभर, आणि तिच्या पेरातून पांढरं मूळ मातीत गेलेलं. नवं पान जुन्याच्या दुप्पट आणि पोपटी. आता तशा काड्या मोजता येत नाहीत. शेवाळ आहे अजून, पण जुन्याच पानांवर.

मोठ्या दगडाच्या अगदी मागे, उजवीकडे, एक पट्टा अजून पिवळाच आहे. चुरा तिथे आजही बसून राहतो. तिथे काय लावू? @संथ, ती पार्व्हा तिथे चालेल का?

संथ:

चालेल. लावा आणि विसरून जा.