मदत हवी आहे: ड्रायरमध्ये खालचे ट्रे ओलेच राहतात

मळ्यातली_सून:
कांद्याचे काप वाळवते. वरच्या ट्रेमधले काप कडेने तांबूस पडतात, खालच्या तीन ओळी हाताला चिकटतात. आधी सहा तासांत लॉट निघायचा, आता दहा तास लागतात. शनिवारी माल द्यायचाय. तापमान किती ठेवू एवढंच सांगा, लवकर.

बेदाणावाला:
तापमानाचं सोडा. आमच्या तासगावात बेदाणा शेडमध्ये जाळीवर नुसत्या वाऱ्याने वाळतो. द्राक्षं आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, सालीवरचं मेण सैल होतं, पाणी भराभर निघतं. तुम्ही पण काप बुडवून बघा.

मळ्यातली_सून:
दादा, कापलेल्या कांद्याला कुठलं आलंय मेण?

जुना_फिटर:
ताई, ट्रे किती? पंखा कुठे? दमट हवा बाहेर जायची झडप किती उघडी असते?

मळ्यातली_सून:
२४ ट्रे, पंखा मागे वरच्या अंगाला. झडप बंदच ठेवते, उघडली की लाइट बिल वाढतं.

घाटमाथा:
७५ डिग्रीवर टाका, मोकळं व्हा.

वाफ_आणि_वारा:
अजिबात नको. वरचा थर कडक होतो आणि पाणी आत कोंडतं. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. झडप बंद म्हणजे तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरतेय, ती आणखी पाणी घेणार कुठून? पहिले दोन-तीन तास झडप मोकळी हवी. तेव्हा वरवरचं पाणी उडत असतं, वाऱ्याचा वेग तेव्हाच खरा कामाला येतो. पुढे पाणी आतून झिरपून वर यायलाच वेळ लागतो, मग झडप अर्धी लावली तरी चालतं.

घाटमाथा:
मग पंखा जोरात फिरवा की.

वाफ_आणि_वारा:
वेग दुप्पट केला तर वीज आठपट लागते. बिल कोण भरणार?

योजना_माहिती:
पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. चालू असेल तर अर्ज करून टाका.

मळ्यातली_सून:
मशीन आहे हो माझ्याकडे. तेच नीट चालत नाहीये.

जुना_फिटर:
आधी सहा तासांत निघायचं म्हणता, मग मध्ये काय बदललं? शिलाईचा दोरा वीत-वीतभर तोडून प्रत्येक ट्रेच्या कडेला बांधा आणि पंखा लावून दाराच्या काचेतून बघा.

मळ्यातली_सून:
वरचे दोरे फडफडतात, खालचे नुसते लोंबतायत. बदललं असं काही नाही. मोटर जळाली होती, गेल्या महिन्यात भरून आणली, तेवढंच.

जुना_फिटर:
अहो ताई, हेच तर आधी सांगायचं! थ्री फेज असेल तर दोन वायरी उलट लागल्या असणार. ब्लोअर उलटा फिरला तरी वारा येतो, पण कमी, म्हणून लक्षात येत नाही. डब्यावर बाण असतो तो बघा. वायरमनला बोलवा, मेन बंद करून दोन फेज बदलून घ्या.

मळ्यातली_सून:
बाण रंगाखाली गेला होता, खरवडून काढला. पंखा उलटाच फिरत होता! आता ६० वर ठेवलंय, झडप उघडी. खालचे दोरे आडवे झाले. डाव्या कोपऱ्यातले दोन मात्र अजून लोंबतात.

जुना_फिटर:
तिथे रॅक आणि भिंतीमध्ये फट असेल. हवा सोपी वाट धरते, ट्रेवरून जातच नाही. पत्र्याची पट्टी लावून बुजवा.

मळ्यातली_सून:
आहे, चांगली तीन बोटं. घरात ॲल्युमिनियमचा पत्रा पडलाय, तो चालेल की स्टीलच आणू?