पहिली मोटरसायकल कोणती घ्यावी?

फोंडेकर: मला रोज फोंड्याहून पणजीला कामावर जावे लागते. आजवर स्कूटरच चालवली असून गिअरची सवय नाही. तेव्हा साडेतीनशे सीसीची बुलेट घ्यावी की लहान गाडी, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डिचोलीकर: बुलेटचे वजन 190 किलोंच्या वर भरते, आणि नवशिक्याला ते धावताना नव्हे, तर चढउतारावर गाडी लावताना आणि मागे ढकलताना जाणवते. 125 सीसीवरील नव्या गाड्यांना 2019 पासून एबीएस ही ब्रेकप्रणाली सक्तीची असल्याने, पावसात रस्त्यावर लाल माती वाहून आली असता ब्रेक दाबल्यावर चाक सहसा जाम होत नाही; म्हणून मी दीडशे-एकशेसाठ सीसीची गाडी सुचवीन.

म्हापसेकर: सहमत. हेल्मेट मात्र डोक्यात घालूनच निवडावे: पट्टा बांधून ते दोन्ही हातांनी फिरवले असता गालांची कातडी सोबत सरकली, तर माप बरोबर. आयएसआय खूण पाहावी. रस्त्याकडेच्या स्वस्त टोप्या (त्यांना हेल्मेट म्हणवत नाही) टाळाव्यात.

फोंडेकर: आभारी आहे. आपल्या दमट हवेत जॅकेट सोसवेल का?

डिचोलीकर: जाळीचे, खांद्यांना व कोपरांना संरक्षक पट्ट्या असलेले घ्यावे आणि पावसात त्यावर रेनकोट चढवावा. चामड्याला इथे बुरशी धरते.