मदत हवी आहे: भाड्याच्या सर्व्हरवर रेड १ चं रेड १० करायचंय, डेटा न घालवता

नमस्कार मंडळी,

सर्व्हर जर्मनीत, भाड्याचा, डेबियन १२, मी इथे सांगलीत बसून एसएसएचवरून (दुरून कमांड देऊन) सांभाळतो. त्यावर आमच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकांचे स्कॅन आहेत, ६ वर्षांचं काम आहे हो. ४ टीबीच्या दोन डिस्क, सॉफ्टवेअर रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा), त्यात एमडी० बूट, एमडी१ रूट आणि एमडी२ डेटा, त्यातला एमडी२ आता ९४ टक्के भरलाय. म्हणून तेवढ्याच आणखी दोन डिस्क लावून घेतल्या, चारांचं रेड १० (डिस्कच्या जोड्या, जोडीत तोच डेटा) करायला.

रेड ५ केलं तर १२ टीबी मिळेल माहितीये, पण नको, त्यात कुठलीही दुसरी डिस्क गेली की सगळं जातं. मागच्या महिन्यात एक डिस्क गेली, बदलून दिली, रीसिंकला (नव्या डिस्कवर प्रत परत तयार व्हायला) साडेसात तास लागले आणि मी रात्रभर एमडीस्टॅट (रेडची स्थिती) उघडून [यू_] (एक डिस्क नाही) चं [यूयू] (दोन्ही ठीक) कधी होतंय तेच बघत बसलो होतो. मूळ स्कॅन घरच्या डिस्कवर आहेत, पण इथून २० एमबीपीएसने परत चढवायचे म्हणजे १५ दिवस.

तर ठरवलंय असं: एसडीसी, एसडीडीला (नव्या डिस्क) एसडीएसारखीच (जुन्या एसडीए, एसडीबी) पार्टिशन पाडायची, मग एमडीएडीएमने (रेड बनवायचं टूल) ४ डिस्कचं रेड १० अर्धवटच बनवायचं, क्रम "एसडीसी३ मिसिंग एसडीडी३ मिसिंग" (३ म्हणजे डेटाचं पार्टिशन, मिसिंग म्हणजे जागा सध्या रिकामी). शेजारशेजारच्या दोन एकमेकांच्या प्रती असतात ना, म्हणून दोन्ही मिसिंग एका जोडीत येता कामा नयेत, हे बरोबर आहे का? मग आरसिंकने डेटा कॉपी, एफस्टॅबमधे (माउंटची यादी) नवा यूयूआयडी (ओळख क्रमांक), इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीची फाइल) अपडेट.

खरी भीती पुढे आहे. जुन्या दोन्ही डिस्क एकदम जोडल्या आणि रीसिंक चालू असताना नवी एखादी गेली तर सगळंच गेलं. म्हणून आधी फक्त एसडीबी३ काढून, सुपरब्लॉक (जुन्या रेडची नोंद) पुसून नव्या रेडला जोडायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत एसडीए३ वर जुनी प्रत तशीच ठेवायची, असं चालेल ना? शेवटची जोडताना एसडीडी३ एकटीच उरते, त्याआधी तिच्यावर स्मार्टची (डिस्कची स्वतःची तपासणी) लाँग टेस्ट पुरेल, की अख्खी डिस्क एकदा वाचून घेऊ?

आणि बूट, रूट रेड १ च राहू देऊन ४ डिस्कवर वाढवले आणि ग्रब (बूट करणारा प्रोग्राम) चारही डिस्कवर टाकलं तर पहिली डिस्क गेल्यावरही मशीन उठेल का? समोर स्क्रीन नाही, नाही उठलं तर रेस्क्यू मोडमधूनच (नेटवरून चालू होणारी वेगळी सिस्टिम) आत जावं लागतं.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, शनिवारी रात्री सुरू करायचंय.