मदत हवी आहे : जहाजाच्या प्रतिकृतीतील सैल पडणारे दोर

नमस्कार. मी जळगावचा रहिवासी असून गेली दोन वर्षे 'त्रिंकोमाली' या युद्धनौकेची १:७२ प्रमाणातील लाकडी प्रतिकृती करीत आहे. मूळ जहाज वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागवानातून मुंबईच्या गोदीत बांधले, १८१७ मध्ये ते पाण्यात उतरले आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते जतन केलेले आहे; आपल्याच किनाऱ्यावर घडलेले म्हणून मी ते निवडले.

सांगाडा आणि तिन्ही डोलकाठ्या पूर्ण झाल्या आहेत. अडचण दोरांची आहे. डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनी आधार देणारे दोर मी मेण लावलेल्या सुती दोऱ्याचे, तीन भोकांच्या लाकडी चकत्यांमधून ओवून, पावसाळ्यात ताणून बांधले होते. एप्रिलमध्ये खानदेशचा कोरडा उन्हाळा सुरू होताच ते लोंबकळू लागले. मग मी ते पुन्हा घट्ट केले, तर जुलैच्या दमट हवेत ते इतके आकसले की मधल्या डोलकाठीचा वरचा, बारीक भाग वाकला. त्याचे मला फार वाईट वाटले.

सुती दोऱ्याऐवजी पॉलिएस्टरचा पीळदार दोरा वापरल्यास हा प्रश्न सुटेल का, आणि त्यावर काळा रंग नीट बसतो का? पुढे-मागे ताणणारे दोर आधी बांधून बाजूचे नंतर बांधावेत, हा क्रम योग्य आहे का? वाकलेली काठी वाफेने सरळ करता येते की नवीच घडवावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.