म्हादईवर पालिकेने ठराव का घेऊ नये?

नदीकाठचा
कर्नाटक म्हादईचे, म्हणजे आपल्या मांडवीच्या वरच्या अंगाचे, पाणी वळवू पाहते; त्याविरुद्ध आमच्या पालिकेने ठराव घेतला. त्यावर काल इथे कोणीतरी लिहिले, ‘गटारे तुंबलीत, कचरा उचलवत नाही आणि निघाले कर्नाटकाशी भांडायला. पालिकेचा संबंध काय?’ वाचून डोके फिरले, म्हणून सविस्तर लिहितो.

घटनेच्या बाराव्या परिशिष्टात पालिकांसाठी १८ विषय आहेत. पहिला नगरनियोजन, पाचवा पाणीपुरवठा, आठव्यात पर्यावरणाचे रक्षण. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. पण गोव्यात नळाचे पाणी कधी पालिकेच्या हातात आले? ते सरकारी खात्याकडेच राहिले. जमिनीचे रूपांतर नगरनियोजन खाते करते. सगळे अधिकार पणजीला ठेवायचे आणि पालिकेने तोंड उघडले की ‘हे तुमच्या कक्षेत नाही’ म्हणायचे! मांडवीत भरतीचे पाणी किती आतवर येते ते काठावरच्या शेतकऱ्याला विचारा. वरून गोड्या पाण्याचा रेटा घटला की खार आणखी वर सरकणार. त्या काठावर राहणाऱ्यांच्या पालिकेने बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

बाजारपेठ
ती पोस्ट माझीच. शब्द मागे घेत नाही.

म्हादई पाणीतंटा लवादाचा निवाडा २०१८ चा. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. त्यावर तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे आमच्या नगरसेवकांचा कागद कोण वाचणार? उद्या हुबळी-धारवाड महापालिकेने उलटा ठराव घेतला तर तो तुम्ही मानणार का?

त्याच बैठकीत बाजारसंकुलाच्या गळक्या छपराचा खर्च मंजूर व्हायचा होता. म्हादईवर प्रत्येकाने भाषण ठोकले, ठरावाची प्रत हातात धरून फोटो काढले, आणि छपराचा विषय येईतो निम्मे नगरसेवक पसार. गणसंख्या नाही, बैठक तहकूब. माझ्या दुकानात तांदळाच्या गोणी फळ्यांवर चढवून वर ताडपत्री घातली आहे. दाराशी बसणाऱ्या फुलवालीकडून सोपो, म्हणजे बसण्याची पट्टी, मात्र रोज वसूल होतो.

नदीकाठचा
छपराचा राग रास्त आहे, पण तो ठरावावर काढू नका. नगरसेवक पळाले हा ठरावाचा दोष नव्हे. गोव्याच्या जमीनवापराचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ आठवतो का? लोक उठले, आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो गुंडाळावा लागला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला सेझही (विशेष आर्थिक क्षेत्रे) गेले. ग्रामसभांच्या ठरावांनाही तेव्हा लोक असेच हसत होते.

सत्तरीची लेक
माझे माहेर सत्तरी तालुक्यात. आमच्या नळाला दाबोशाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी येते, म्हणजे म्हादईचेच. एप्रिल-मेमध्ये आई पहाटे उठून आधी नळ सोडून बघते, भांडी मागाहून. टँकर आला तर शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा होतात. कर्नाटकाच्या वाट्यातले कळसा-भांडुरा प्रकल्पातून वळवायचे ३.९ टीएमसी, हा आकडा कागदावर लहान दिसतो. आमच्या उन्हाळ्यात तो लहान नाही.

फोंड्याचा मास्तर
‘ग्रामसभा’ म्हणालात, पण पालिकेत ग्रामसभा असते का? पंचायतीत लोक समोर बसून ठराव करून घेतात. इथे मूठभर नगरसेवक ठरवतात आणि वर्तमानपत्रातून आम्हाला कळते. आणि ठरावच घ्यायचा तर मराठी राजभाषेचा घ्या! १९८७ पासून ताटकळत आहोत.

मांडवीपुत्र
आलीच मराठी. आता धागा संपला.

फोंड्याचा मास्तर
का येऊ नये? १९८७ च्या कायद्यात राजभाषा कोकणी, पण सरकारी कामासाठी मराठी वापरायची तरतूद आहे. तरी माझ्या आईला घरपट्टीची नोटीस इंग्रजीत येते. ती चौथीपर्यंत मराठी शिकलेली, रोज पेपर वाचते, आणि नोटीस वाचून घ्यायला शेजारच्या पोराकडे जाते. ही म्हातारीची अब्रू नाही का?

मांडवीपुत्र
माझ्या आजीलाही तीच इंग्रजी नोटीस येते. ती घरात कोकणीच बोलते. तिची अब्रू कोण बघणार? तुम्ही लोक कोकणीला बोली म्हणत राहता आणि वर समानता मागता.

फोंड्याचा मास्तर
मी कुठे बोली म्हटले? दाखवा! घरी मीही कोकणीच बोलतो. न लिहिलेले माझ्या तोंडी घालू नका.

मांडवीपुत्र
तुम्ही नसेल म्हटले. तुमच्या सभांमधून ऐकले आहे. नोटीस कोकणी-मराठी दोन्हींत द्या, माझी हरकत नाही. पण कोकणीला वगळून नाही.

सत्तरीची लेक
पाण्यावर बोला हो. भाषेचे भांडण चाळीस वर्षे चालले आहे, उन्हाळा दरवर्षी येतो.

बाजारपेठ
मास्तरांचा एक मुद्दा धरून ठेवतो. नोटिशीची भाषा सुधारायला पालिकेला दिल्लीला जावे लागत नाही. ती सुधारत नाहीत आणि नदीवर बोलतात.

सत्तरीच्या बाईंचे वाचून ‘संबंध काय’ असे विचारणे आता मला जमणार नाही, एवढे मान्य. पण नदीकाठच्या दादांनी एवढे सांगावे. ठराव कोणाला पाठवला? मुख्यमंत्री, जलस्रोत खाते की केंद्र? जावक क्रमांक काय? काल मी पालिकेत जाऊन विचारले. कारकून म्हणाला, मागच्या बैठकीचे इतिवृत्तच अजून टाईप झालेले नाही.

नदीकाठचा
हे मला माहीत नव्हते. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांकडे जातो. प्रत मिळाली तर इथेच टाकतो.

बाजारपेठ
मीही येतो. छपराचा अर्जही त्याच टेबलावर पडला आहे.