मदत हवी आहे: लॅपटॉप निळी स्क्रीन दाखवून बंद पडतो, जुना ड्रायव्हर कोणता ते कसं शोधू?

नमस्कार. मी घरून डीटीपीची कामं करते. सध्या दोन दिवाळी अंकांची पानं हातात आहेत आणि लॅपटॉप ऐन वेळी दगा देतोय. दहा दिवसांत सात वेळा स्क्रीन निळी झाली आणि मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. परवा ३२ पानांच्या दुरुस्त्या सेव्ह करायच्या राहिल्या होत्या, त्या गेल्या. रात्री दोनपर्यंत बसून पुन्हा केल्या.

विंडोज १०, ८ जीबी रॅम, एसएसडी. निळ्या स्क्रीनवर दर वेळी 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असं येतं आणि खाली एनडिस डॉट सिस हे फाईलचं नाव. विंडोजची मेमरी टेस्ट रात्रभर चालवली, रॅम ठीक आहे. व्हायरस नाही. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारा. पण माझे जुने मराठी फॉन्ट आणि सगळी सेटिंग्ज पुन्हा बसवायला दोन दिवस जातील.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेका ड्रायव्हरची (म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) तारीख पाहिली तर कितीतरी ठिकाणी २१ जून २००६! लॅपटॉप २०१८ चा आहे. हे सगळे बदलू का?

प्रतिसाद

ताई, २००६ वाल्यांना हात लावू नका. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर ती तारीख मुद्दाम टाकलेली असते, म्हणजे हार्डवेअर कंपनीचा ड्रायव्हर मिळाला तर तो नवा ठरून आधी निवडला जातो. आतला कोड विंडोजसोबत अपडेट होतच असतो.

एनडिस ही विंडोजची नेटवर्कची फाईल. तिचं नाव येतं, पण चूक बहुतेकदा तिच्यावर चालणाऱ्या वायफाय किंवा लॅन कार्डाच्या ड्रायव्हरची असते. ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतात. एखादा अ‍ॅप चुकला तर तेवढाच बंद होतो, ड्रायव्हरने मेमरीत भलत्या जागी हात घातला की विंडोजला सगळंच थांबवावं लागतं.

एक सांगा, बंद पडतो तेव्हा तुम्ही काय करत असता? आणि मोबाईल यूएसबीने जोडून नेट वापरलं तर पडतो का?

धागाकर्ती

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून वहीत मांडून पाहिलं. सातपैकी सहा वेळा मी प्रेसला मोठी पीडीएफ वायफायवरून पाठवत होते! काल दिवसभर यूएसबी टेदरिंगवर काम केलं, एकदाही पडला नाही. वायफायच्या ड्रायव्हरची तारीख २०१८ ची आहे. 'अपडेट ड्रायव्हर' दाबलं तर सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे म्हणतं.

प्रतिसाद

त्या बटणावर विसंबू नका, त्याला कंपनीच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर बऱ्याचदा सापडत नाही. आधी खात्री करून घ्या. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप फोल्डर आहे, त्यात प्रत्येक क्रॅशची नोंद (डंप) फाईल म्हणून राहते. त्यातल्या फाईली डेस्कटॉपवर कॉपी करा आणि ब्लूस्क्रीनव्ह्यू या मोफत टूलमध्ये उघडा. क्रॅशच्या वेळी जे ड्रायव्हर गुंतलेले होते ते खालच्या यादीत गुलाबी दिसतात. एकच नाव प्रत्येक डंपमध्ये असेल तर तोच.

मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून फक्त वायफायचा ड्रायव्हर घ्या. त्याआधी रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे गरज पडली तर विंडोज आत्ताच्या स्थितीला परत नेता येईल, आणि अंकाच्या फाईली पेनड्राइव्हवर काढा. एका वेळी एकच ड्रायव्हर बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. नव्यानेही बिघडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक' आहे, त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी मोफत सॉफ्टवेअरं मात्र कृपा करून घेऊ नका, भलत्याच मॉडेलचे ड्रायव्हर बसवलेले मी पाहिलेत.

धागाकर्ती

सातही डंपमध्ये वायफायचाच ड्रायव्हर गुलाबी होता. टेदरिंगवरून नवा उतरवला, बसवला, रीस्टार्ट केला. आज सहावा दिवस. काल मुखपृष्ठासकट पूर्ण अंक, जवळजवळ ४०० एमबी, वायफायवरूनच प्रेसला गेला. फॉरमॅट टळला. मनापासून आभार, दादा. दुसरा अंक सोमवारी जाणार आहे. तोवर काही झालं तर इथेच डंप घेऊन येते.